चारचं तोंड

६ मार्च

प्रिय ताई,

आठ महिने पत्र लिहिलं नाही, माफ कर. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण वेळ होता. तुझी तीन पत्रं टेबलाच्या खणात आहेत, तिन्ही दोनदा वाचलेली. उत्तर लिहायचं तर एक गोष्ट गाळून लिहावं लागलं असतं, आणि ते मला जमत नाही, म्हणून लिहिलंच नाही. आता ती गोष्ट पक्की झाली आहे. मी दूरच्या एका विद्यापीठात पीएच.डी.साठी अर्ज केला होता. प्रवेश मिळाला.

हसून घे. मी थांबते.

अठरा वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत दुसऱ्यांच्या प्रयोगांची द्रावणं केली, बाटल्या धुतल्या, मुलांनी फोडलेल्या काचा वेचल्या. मुलाखतीला चार जण होते. "या वयात का?" असं त्यांतल्या एकानं विचारलंच. मी उत्तर पाठ केलं होतं, चांगलं दीड पानाचं. ते आठवेना, म्हणून म्हणाले, "बाटल्यांवर दुसऱ्यांची नावं लिहून कंटाळा आला." तिघं गंभीर राहिले, एक बाई हसल्या. त्याच आता माझ्या गाइड. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेत. मी त्यांना मॅडम म्हणते, त्या मला अहो-जाहो करतात, दोघींना अवघडल्यासारखं होतं.

एक गंमत बाबांना सांग. सगळा फॉर्म मी इंग्रजी आकड्यांत सांभाळून भरला. शेवटच्या पानावर सही केली, सही मराठीतच येते माझी, आणि हात तसाच पुढे गेला. खाली तारीख पडली ती मराठीत, १४. चार दिवसांनी तिकडच्या ऑफिसातून फोन, तिकडे मराठी कुणाला येत नाही: "बाई, तुम्ही सही अठ्ठ्याण्णव तारखेला केलीत का?" फॉर्म परत आला. नवा भरला.

कॉलेजनं चार वर्षांची रजा दिली आहे. पाचव्या वर्षी माझी जागा दुसऱ्याला जाणार, तसं कागदावर लिहून घेतलंय. म्हणजे चार वर्षांत प्रबंध द्यायचा. मला आनंद झाला आहे का, हे मी रोजच्या वहीत तीन दिवस लिहायचा प्रयत्न केला. जमलं नाही. झाला असावा.

उद्या: जुन्या प्रयोगशाळेच्या किल्ल्या परत करणे.

तुझी
भिंगरी

*

२१ मार्च

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तू कितीही शिकलीस तरी आशीर्वाद मीच देणार, ते खातं माझ्याकडे.

आठ महिने! मला वाटलं तुझं कुणाशी तरी जुळलं आणि तू सांगायला लाजते आहेस. मी तुझ्या भाऊजींना म्हटलंसुद्धा. ते म्हणाले, "तिचं जुळेल ते एखाद्या भांड्याशी, काचेच्या." आता तुझं पत्र वाचल्यापासून छाती काढून फिरतायत, मी आधीच बोललो होतो म्हणून. तुझे भाऊजी कधी बरोबर ठरले की महिनाभर ऐकावं लागतं.

बाबांना पत्र दोनदा वाचून दाखवलं. अठ्ठ्याण्णव तारखेला इतके हसले की पाणी आणावं लागलं. म्हणाले, "चारचं तोंड उघडं ठेवायला मी हिला पाटीवर शिकवलं होतं. मिटलं की आठ होतो आणि गाडीचं वजन दुप्पट." मग वजनकाट्यावरच्या नोकरीच्या एकतीस वर्षांतली ती गोष्ट पुन्हा सुरू झाली, वरच्या ऑफिसात नवा माणूस आला आणि त्यानं बाबांच्या नोंदी वाचून रिकाम्या गाड्या भरलेल्या ठरवल्या. तुला पाठ आहे. मलाही. तरी ऐकली.

शेवटी म्हणाले, "भिंगरी अखेर भिंगाला चिकटली." आणि मान वळवून बसले. त्यांना आनंद झाला आहे. तुला समजत नसेल तर माझ्याकडून समजून घे.

शिवणाच्या दुकानात गर्दी आहे. सगळ्या जगाला एकदम कमरेत ढिलं करून हवंय.

आणि पत्राच्या शेवटी कामं कसली लिहितेस? पत्र आहे की किराण्याची यादी?

तुझी
ताई

*

११ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तीन महिने झाले. पहिल्या दिवशी शिपायानं मला बाहेरून आलेली परीक्षक समजून चहा दिला. मी तो प्यायले आणि मग सांगितलं. आधी सांगायला हवं होतं.

माझं काम शेवाळावर आहे. इमारतीच्या मागे एक भिंत आहे, तिच्यावरचं. ते वाळलं की काळं, कुरकुरीत होतं, मेल्यासारखं. पाणी घातलं की परत हिरवं होतं. किती दिवस वाळलं तर किती परत येतं, हे मोजायचं. नऊ बशा असतात. एकीतलं शेवाळ एक आठवडा कोरडं ठेवलेलं, दुसरीतलं दोन, असं नऊपर्यंत. सगळ्या एकाच दिवशी काढायच्या, नऊ नळ्यांत भरायच्या, झाकणावर आठवड्यांचा आकडा टाकायचा, पाणी घालायचं. दुसऱ्या दिवशी भिंगाखाली मोजायचं, दोनशे पानांतली किती हिरवी झाली. मोजून झालेल्या नळ्या फ्रीझरमध्ये. असे तीन संच. पहिला झाला. जितके आठवडे जास्त, तितकी पानं कमी. उतार अगदी सरळ आहे. मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे. पण हे सगळ्यांना माहीतच आहे."

माझ्या शेजारच्या टेबलावर एक जण आहे, माझ्याआधी दोन वर्षं लागलेली. मोजताना दातांतून बारीक शिट्टी वाजवते. मी तिला मनात शिट्टीवाली म्हणते. चांगली आहे. इथे मराठी कुणालाच येत नाही, त्यामुळे मी दिवसभर मनातसुद्धा त्यांच्याच भाषेत बोलते. आकडे फक्त इंग्रजी. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत तसं लिहून ठेवलंय.

सातला उठते. खोलीत एक पलंग, एक टेबल, भिंतीला लागून नळ. खिडकीतून सायकलींची रांग दिसते. आवडतं का, असं तू विचारशील. दोनशे मोजेपर्यंत दुसरं काही मनात येत नाही. हे आवडणं आहे का, ते मला ठरवता येत नाही.

एप्रिलमध्ये तोंडी परीक्षा आहे. तीत नापास झालं तर घरी.

उद्या: दुसऱ्या संचाची झाकणं धुणे.

तुझी
भिंगरी

*

२० जानेवारी

प्रिय भिंगरी,

तुझं शेवाळाचं पत्र मी दुकानात मोठ्यानं वाचलं. काज करणाऱ्या बाईंनी विचारलं, "त्याचा उपयोग काय?" मी म्हटलं, "माझ्या बहिणीला विचारू नका, ती दीड पान सांगेल."

बाबा ठीक आहेत. फोनवर हल्ली त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून मीच बोलते. त्यावरून वाईट वाटून घेऊ नकोस. थंडीचा खोकला आहे जरासा. सगळ्यांनाच आहे.

तुझी परीक्षा एप्रिलच्या दहा तारखेला ना? बाबा रोज विचारतात. कॅलेंडरवर त्यांनी खूण केली आहे. परीक्षा होईपर्यंत तू दुसरं काही मनात आणू नकोस, असा त्यांचा निरोप. शब्दशः कळवते आहे.

तुझी
ताई

*

३ मे

प्रिय ताई,

पत्र लिहायला सतरा दिवस लागले.

तुझा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वीस झाले होते. मी तिसऱ्या संचाची झाकणं लिहीत होते. नवापासून सुरुवात करून पाचपर्यंत आले होते. आपण दोन मिनिटं बोललो असू. मी काय बोलले ते मला आठवतं. मग मी उरलेली झाकणं लिहिली, नळ्यांना लावली, पाणी घातलं, खोका बंद केला आणि मग मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी का नाही सांगितलंत?" मी म्हणाले, चार झाकणं उरली होती.

त्यांनी मला खोलीवर पाठवलं. दुसऱ्या दिवशीचं मोजायचं काम शिट्टीवालीनं केलं. मी दोन दिवस झोपले. मॅडम तिकिटाची सोय करून देते म्हणाल्या होत्या. दोन दिवसांचा प्रवास, पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असणार, हे मी त्यांना सांगितलं. ते खरं होतं, पण मी न येण्याचं ते कारण होतं का, याची मला खात्री नाही. दुसरं कारण शोधलं. सापडलं नाही.

रडू आलं नाही. तुला खोटं लिहिणार नाही. काहीच वाटलं नाही. वहीत त्या तारखेला मी लिहिलंय: "बाबा गेले. झाकणं पूर्ण."

परीक्षेत पास झाले हे त्यांना कळलं होतं का?

भिंगरी

*

१९ मे

भिंगरी,

कळलं होतं. तुझा दहा तारखेचा फोन मी त्यांना सांगितला. त्यांनी कॅलेंडरवरच्या खुणेवर आणखी एक रेघ मारली.

तू "बरं" म्हणालीस. मी सांगितलं, बाबा गेले, पहाटे, झोपेत. तू म्हणालीस, "बरं." मी म्हटलं, ऐकलंस ना? तू म्हणालीस, "हो, बरं." कापडवाल्याला उशीर झाला म्हणून मी फोन केला तर तोसुद्धा याहून चार शब्द जास्त बोलतो.

तुझे संच सांभाळ.

ताई

*

८ ऑगस्ट

प्रिय ताई,

दोन वर्षं पत्र लिहिलं नाही. माफी कुठून मागायला सुरुवात करावी, कळत नाही. मध्ये एकदा मी आले होते ते धरत नाही. चार दिवसांतले दोन मी झोपून काढले, उरलेले दोन आपण पडद्यांच्या मापांबद्दल बोललो. तू मला चहा दिलास तो पाहुण्यांच्या कपात.

इथलं सांगते. तुला रस असेल म्हणून नाही, माझ्याकडे दुसरं काही नाही म्हणून.

तो तिसरा संच. मी परत कामावर गेले तेव्हा शिट्टीवालीनं मोजलेले आकडे वहीत होते. एक आठवड्याची नळी नव्हती, चारची नव्हती. त्याऐवजी आठच्या दोन आणि नवाच्या दोन. मी त्या दिवशी गोंधळले असणार, त्याच बशीतून दोनदा भरलं असणार. मला आठवेना, म्हणून वहीत "आठवत नाही" असं लिहून सही केली. पण गंमत पुढे आहे. आठच्या एका नळीतलं जवळजवळ सगळं मेलेलं, दुसरीतली अर्ध्याहून जास्त पानं हिरवी. नवाचंही तसंच, तिथे तर दुसरी नळी जवळजवळ पूर्ण हिरवी. मॅडमनी तो कागद हातात घेतला आणि उभ्याच राहिल्या. म्हणजे आठव्या आठवड्यानंतर काही शेवाळ उलट जास्त जोमानं परत येतं! त्यांनी त्याला नाव दिलं, दुसरी जाग. त्यावर लेख गेला, छापून आला. बाहेरगावची माणसं पत्रं पाठवून विचारू लागली.

तेव्हापासून मी ती दुसरी जाग पुन्हा आणायचा प्रयत्न करते आहे. पाच वेळा केलं. एकदाही आली नाही. भिंतीला मधल्या काळात रंग दिला, ते जुनं शेवाळ गेलं, म्हणून मॅडम म्हणतात की नवं शेवाळ वेगळं असेल. असेल. प्रबंधाची पाच प्रकरणं ठरली आहेत, त्यांतली दोन दुसऱ्या जागेवर. पुढच्या जुलैअखेर रजा संपते. तोवर जाग आली तर प्रबंध मोठा, आणि मॅडम मला इथेच पुढे ठेवून घेणार आहेत. तसं त्या दोनदा म्हणाल्या.

मी रोज दोनशे मोजते. परवा दात दुखत होता, तो दुखतोय हे मला शिट्टीवालीनं सांगितलं. मी गालाला हात लावून बसले होते म्हणे.

उद्या: सहाव्या वेळच्या बशा मांडणे.

तुझी
भिंगरी

*

३० ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

दात दाखव आधी. बाकीचं नंतर वाच.

पाहुण्यांचा कप मी मुद्दाम दिला होता. तुला कळला की नाही याची मला दोन वर्षं चुटपुट होती. कळला होता तर. बरं झालं.

आता मी सांगते. मी लपवलं आणि तुझ्यासारखं गप्प राहून लपवलं नाही, तोंडानं धडधडीत खोटं बोलून लपवलं. बाबांना कानाचं काही नव्हतं. डिसेंबरपासून त्यांना दम लागायचा, दोन वाक्यं बोलवत नव्हती. तुझ्या कानावर जाऊ नये म्हणून फोनवर येत नव्हते. "तिची परीक्षा होऊ दे, मग सांग" हे त्यांचं म्हणणं. मी मान्य केलं. परीक्षा झाली दहाला. अकराला मी तुला फोन करायला हवा होता. दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता. उद्या करू म्हटलं. मग उद्या. सोळाला केला तो कसला होता, तुला माहीत आहे.

तू अकराला निघाली असतीस तर भेटली असतीस. हे मी तुझ्या भाऊजींनाही सांगितलेलं नाही. तुझ्या "बरं"वर रागावून बसणं मला सोपं पडलं.

आता तूही रागावायचं तेवढं रागव. आपल्या दोघींचं एकदाचं बरोबर होऊन जाऊ दे.

तुझी
ताई

*

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझ्या पत्राला साडेपाच महिने उत्तर दिलं नाही. रागावले नव्हते. राग येतोय का, हे पाहत होते. येत नाही म्हणून काय लिहावं कळेना. तुझ्या जागी मी असते तरी गणवेश आधी पुरे केले असते.

आता जे लिहिते आहे ते इथे कुणालाही ठाऊक नाही. मला चार दिवसांपासून ठाऊक आहे.

फ्रीझरमध्ये बर्फ साचला होता, दार लागेना. तो काढायची पाळी माझी. सगळे खोके बाहेर काढले. मागच्या बाजूला, बर्फात रुतलेला, तिसऱ्या संचाचा खोका होता. तीन वर्षांत मी तो उघडला नव्हता. आकडे वहीत होते, नळ्या बघायचं काही कारण नव्हतं. आता उघडला तो फक्त नळ्या फुटल्या आहेत का ते पाहायला.

नऊ झाकणं. नऊ, आठ, सात, सहा, पाच हे इंग्रजी आकडे, माझेच. पुढची चार झाकणं मराठीत आहेत. ४, ३, २, १.

मी ती बराच वेळ बघत होते. हात गार पडले तेव्हा खोका खाली ठेवला.

समजलं ना तुला? तुझा फोन पाचनंतर आला. दोन मिनिटं मी तुझ्याशी मराठीत बोलले आणि हात तसाच पुढे गेला, फॉर्मवरच्या सहीखाली गेला होता तसा. शिट्टीवालीला मराठी आकडे कुठून येणार? दोन आणि तीन तिला बरोबर वाचता आले, ते इंग्रजीसारखेच दिसतात. माझा १ तिनं नऊ वाचला. माझा ४ तिनं आठ वाचला. बाबांचा चार वरून उघडा असायचा, भांड्यासारखा. या चारचं तोंड मिटलेलं आहे. मीच मिटवलंय, पेनाच्या एका ओढीत.

म्हणजे दोनदा भरलेलं काहीच नव्हतं. नऊ बशा, नऊ नळ्या. ज्या नळ्या इतक्या हिरव्या झाल्या, त्या आठ आणि नऊ आठवड्यांच्या नव्हत्या. एक चार आठवड्यांची, एक आठवडाभराची. त्या हिरव्या होणारच. मी आकडे त्यांच्या जागी परत ठेवून पाहिले. तिसरा संच पहिल्या दोन संचांवर अगदी बरोबर बसतो. दुसरी जाग नाही. कधी नव्हती. दोन वर्षं आणि सहा वेळा मी माझं स्वतःचं अक्षर उगवायची वाट पाहत होते.

आता खरं सांगते, तुझ्यापाशी लपवत नाही. टेबलावर अल्कोहोलची बाटली असते, कापसाचे बोळे असतात. झाकणावरची शाई एका बोळ्यात जाते. ही लिपी इथे दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही, आणि तो खोका कुणी उघडणारही नाही. जुलैला पाच महिने आहेत. दोन प्रकरणं लिहून तयार आहेत. मी बोळा भिजवला होता. मग तो वाळेपर्यंत हातात धरून उभी राहिले आणि टाकून दिला. दुसऱ्या दिवशी परत भिजवला. हे मी चांगुलपणानं थांबले म्हणून लिहीत नाही. थांबले का, ते मला माहीत नाही, आणि उद्या काय करेन तेही नाही.

काय करू?

उद्या: फ्रीझरचं दार नीट लागतंय का पाहणे.

तुझी
भिंगरी

*

२४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

पुसून टाक.

पत्र वाचलं त्या क्षणी हेच मनात आलं, म्हणून हेच आधी लिहिलं. कुणाला कळणार आहे? शेवाळ तक्रार करणार आहे? चार वर्षं तू एका पलंगावर आणि एका नळावर काढलीस, ती एका पेनाच्या ओढीपायी घालवायची? माझ्याकडून एखादीची बाही तिरकी लागली तर मी उसवते, पण घालून लग्नाला जाऊन आलेलं कापड कुणी उसवायला आणत नाही. छापून आलंय ना? झालं तर मग.

इथवर काल लिहिलं. पाकिटात घातलं नाही. आता पुढचं.

आज सकाळी दुकान उघडलं, पहिलीच बाई माप द्यायला आली, मी टेपवरचा आकडा वहीत लिहिला आणि माझाच हात थांबला. चौतीस लिहायचे होते. मी बघत राहिले त्या चारकडे. बाई म्हणाली, "काय हो, जाड झाले का?"

भिंगरी, पुसू नकोस. तुझ्या मॅडमसाठी म्हणून सांगत नाही, खरं-खोटं तू आणि ते शेवाळ बघून घ्या, मला त्यातलं कळत नाही. मला वेगळंच कळलंय. तीन वर्षं मी मनात धरून बसले होते की तू "बरं" म्हणालीस आणि कामाला लागलीस, तुझ्या आत काही हललंच नाही. तूही मला तसंच लिहिलंस, काहीच वाटलं नाही म्हणून. आणि हे काय मग? आठ महिने त्या प्रयोगशाळेत तुझा एक आकडा चुकला नाही. त्या सकाळी, माझा फोन ठेवल्यावर, तू बाबांच्या आकड्यांत लिहायला लागलीस. तुला कळलंसुद्धा नाही.

चारचं तोंड मिटलं होतं म्हणतेस. तुझंही मिटलंच होतं की.

ती झाकणं मला बघायची आहेत. पुसलीस तर बघ.

तुझी
ताई

*

१६ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. मी परवाच मॅडमना सांगून मोकळी झाले होते. तुझं पत्र आधी आलं असतं तर मी तुझ्या सांगण्यावरून सांगितलं, असं मला पुढे वाटत राहिलं असतं. किंवा पहिलं पान वाचून पुसलं असतं. दोन्ही शक्य होतं, म्हणून लिहून ठेवते.

सांगितलं ते असं. खोका घेऊन त्यांच्या खोलीत गेले. त्या फोनवर होत्या, मी उभी राहिले, खोक्याखाली पाणी ठिबकू लागलं. फोन ठेवल्यावर मी ती दोन झाकणं त्यांच्यापुढे ठेवली.

"हे काय आहे?"

"चार."

"हा आठ आहे."

"आमच्याकडे चार. आणि हा एक आहे."

त्यांनी झाकण उजेडात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. मग कागद ओढला, वही मागितली, आकडे जागच्या जागी ठेवले आणि हातानंच उतार काढला. मी उभीच होते. काढून झाल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाल्या, "म्हणजे दोन वर्षं आपण तुमच्या हस्ताक्षरावर संशोधन करत होतो." त्या हसल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. थोड्या वेळानं विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला फोन आला होता, तोच ना हा संच?" मी हो म्हणाले. "मी तेव्हाच तुम्हाला टेबलावरून उठवायला हवं होतं." मी म्हणाले, मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं.

लेख मागे घ्यायचा आहे. त्यांनी पत्र लिहायला घेतलं आहे. त्यात चूक कुणाची म्हणून माझं नाव घालायला मीच सांगितलं, त्यांनी दोघींची घातली. याचा त्यांना त्रास होणार, वरच्या जागेसाठी त्यांची मुलाखत मे महिन्यात आहे. मी माफी मागितली. "ते नंतर बघू," म्हणाल्या. शिट्टीवालीला कळलं तेव्हा ती रडली. तिची काहीच चूक नव्हती, हे मी तिला तीनदा सांगितलं. मग मीच तिला पाणी आणून दिलं.

प्रबंध तीन प्रकरणांचा होईल. "तीन प्रकरणांचा प्रबंध जातो का?" मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "जातो. बारीक जातो." त्यात एवढंच सिद्ध होतं की शेवाळ जितकं जास्त दिवस कोरडं राहील तितकं कमी परत येतं. हे सगळ्यांना माहीतच होतं. जुलैअखेर तो देऊन मी ऑगस्टपासून कॉलेजात परत. मला इथे ठेवून घेण्याबद्दल त्या आता काही म्हणत नाहीत आणि मी विचारलं नाही. किल्ल्या परत मागाव्या लागतील.

तू लिहिलंस ते मी बऱ्याच वेळा वाचलं. तुझं बरोबर आहे असं मला वाटतं, पण मला ते आतून कळत नाही, वाचून कळतं. त्या सकाळी ते आकडे लिहिताना काय वाटलं, ते अजूनही आठवत नाही. फक्त ती चार झाकणं आहेत. काल मी ती टेबलावर ओळीनं मांडली आणि बाबा म्हणायचे तसं मोठ्यानं म्हणून पाहिलं, चार, तीन, दोन, एक. मराठीत. शिट्टीवाली शिट्टी थांबवून बघत होती. माझा आवाज एकावर जरा घोगरा झाला. सर्दी असेल. नसेलही. वहीत दोन्ही लिहून ठेवलंय.

मॅडमना विचारलं, झाकणं मला मिळतील का. त्यांनी चारही झाकणांचे फोटो काढून वहीत लावले, खाली सही केली आणि म्हणाल्या, "घेऊन जा. नळ्यांना नवी लावा."

त्यावरची शाई पुसट होते, तेव्हा बोट लावू नकोस. उजेडात धरून बघ.

उद्या: नळ्यांना नवी झाकणं लावून जुनी चार कापसात गुंडाळणे आणि ताईच्या पत्त्यावर पोस्टात टाकणे.

तुझी
भिंगरी